गाळलेल्या जागेत कोणतं क्रियापद? सरळसेवेची तयारी करणाऱ्या आपल्या भागातल्या मुला-मुलींसाठी

2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न आणि 200 गुण होते. त्यातले 25 प्रश्न इंग्रजीचे होते आणि निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. म्हणजे 50 गुण इंग्रजीवर. तरी आपल्याकडची निम्मी मुलं हा विषय ऑप्शनला टाकतात. गणित करतात, जीके घोकतात आणि इंग्रजीच्या पानावर आलं की 'बी' किंवा 'सी' ठोकून मोकळी होतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला, मराठी माध्यमाचा. याच परीक्षांतून नोकरीला लागलो आणि आता संध्याकाळी तालुक्याच्या अभ्यासिकेत मुलांसोबत बसतो. माझं सरळ मत सांगतो: इंग्रजीत शब्दसंग्रहाला अंत नाही, पण क्रियापदाच्या रूपांचे नियम मोजके आहेत आणि तेच फिरून फिरून विचारले जातात. वेळ कमी असेल तर इथूनच सुरुवात करा.

अभ्यासिकेत उत्तराचं कारण विचारलं की बहुतेकदा एकच ऐकू येतं, "सर, आयकाले बरं वाटते." ज्याच्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोललं गेलं, त्याला हे चालतं. आपला कान वऱ्हाडीवर तयार झालेला आहे, इंग्रजीच्या बाबतीत तो साक्ष देऊ शकत नाही. म्हणून पुरावा शोधायचा. प्रश्न नीट काढलेला असेल तर वाक्यात एखादा शब्द असा असतोच की त्याच्यामुळे तीन पर्याय बाद होतात. खालच्या सगळ्या पायऱ्या तो शब्द कुठे सापडतो हे सांगण्यासाठी आहेत.

एक सूचना. उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्येक वाक्य वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्या, स्पेलिंगचाही सराव होईल. व्ही-वन म्हणजे गो, व्ही-टू म्हणजे वेंट, व्ही-थ्री म्हणजे गॉन आणि आयएनजीचं रूप म्हणजे गोइंग, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

## बसण्याआधी जवळ काय हवं

- एक जाड वही. अर्धी नियमांसाठी, अर्धी चुकांसाठी.
- क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता. कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकामागे असतो.
- बालभारतीची सहावी ते दहावीची इंग्रजीची पुस्तकं. घरी नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत. गावात रेंज नसेल तर तालुक्याला आलात की एकदाच उतरवून घ्या.
- जुने पेपर. एमपीएससीच्या संकेतस्थळावर प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका दोन्ही मिळतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या "अतिसंभाव्य 1000 प्रश्न" छाप पीडीएफपासून सांभाळून राहा. त्यातल्या उत्तरांची जबाबदारी कोणाचीच नसते. चुकीचं उत्तर पाठ झालं की ते पुसायला दुप्पट वेळ जातो.

## 1. वाक्याआधी पर्याय वाचा

चार पर्यायांत फरक कशाचा आहे, हे पाहिलं की परीक्षक काय तपासतोय ते कळतं.

"हॅज, हॅव" किंवा "इज, आर" अशी जोडी दिसली तर प्रश्न कर्त्याचा आहे. "वेंट, हॅज गॉन, हॅड गॉन, विल गो" दिसले तर काळाचा. "गो, टू गो, गोइंग, गॉन" असतील तर रिकाम्या जागेच्या आधीच्या शब्दाचा. "बिल्ट, वॉज बिल्ट" असेल तर काम कर्त्याने केलं की त्याच्यावर झालं, एवढंच ठरवायचं आहे. याला पाच सेकंद लागतात आणि पूर्ण वाक्यात भटकणं वाचतं.

## 2. कर्ता पकडा, बाकीचं झाका

इथे सर्वात जास्त गुण जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

मराठीत "मुलीने आंबा खाल्ला, मुलीने पोळी खाल्ली, मुलीने केळं खाल्लं" या तिन्ही वाक्यांत क्रियापद मुलीकडे पाहतच नाही, तिने काय खाल्लं त्याकडे पाहून बदलतं. ही सवय आपल्या हाडात असते. मग "शी ____ ईटन टू बनानाज" असं आलं की केळी दोन दिसतात आणि हात "हॅव"कडे जातो. इंग्रजीत क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं. कर्म दोन असो की दोनशे, कर्ता "शी" आहे तर "हॅज"च.

आता हे वाक्य पाहा: "द कंडिशन ऑफ द रोड्स लीडिंग टू अवर व्हिलेजेस ____ व्हेरी पुअर." पर्याय: आर, इज, हॅव, वेअर.

रिकाम्या जागेला चिकटून "व्हिलेजेस" आहे, त्याच्या आधी "रोड्स". दोन्ही अनेकवचनी, म्हणून "आर" टाकावंसं वाटतं. आता "ऑफ"पासून रिकाम्या जागेपर्यंतचं सगळं बोटाने झाका. उरतं: "द कंडिशन ____ व्हेरी पुअर." वाईट काय आहे? अवस्था. ती एक आहे. उत्तर "इज". परीक्षकाने मधे सात शब्द घुसवले ते तुम्हाला कर्त्यापासून लांब न्यायलाच. संगणकावरच्या परीक्षेत पडद्यावर रेघ ओढता येत नाही, म्हणून कच्च्या कागदावर फक्त कर्ता लिहायची सवय लावून घ्या.

कर्त्याच्या ठरावीक सापळ्यांची ही यादी वहीत उतरवा:

- "वन ऑफ द" नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. "वन ऑफ द वेल्स हॅज ड्राइड अप." पण "वन ऑफ दोज गर्ल्स हू" आलं की "हू" नंतर अनेकवचन: "शी इज वन ऑफ दोज गर्ल्स हू वर्क हार्ड."
- ईच, एव्हरी, एव्हरीवन, नोबडी, मेनी अ हे सगळे एकवचनी. "मेनी अ फार्मर हॅज" हे कानाला कितीही विचित्र वाटलं तरी बरोबर आहे.
- अलाँग विथ, टुगेदर विथ, ॲज वेल ॲज यांच्यानंतर कितीही माणसं उभी असोत, क्रियापद पहिल्या कर्त्याचं. "द सरपंच, अलाँग विथ द मेंबर्स, इज प्रेझेंट."
- आयदर-ऑर, नायदर-नॉर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो यात उलट, क्रियापद जवळच्या कर्त्याचं. "नायदर द फार्मर्स नॉर द तलाठी वॉज प्रेझेंट." तलाठी आधी आणि शेतकरी नंतर आले असते तर "वेअर".
- "अ नंबर ऑफ" अनेकवचनी, "द नंबर ऑफ" एकवचनी. "अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट", पण "द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉलिंग".
- कॅटल, पोलीस, पीपल यांना "एस" दिसत नाही, पण ते अनेकवचनी. "द कॅटल आर ग्रेझिंग." न्यूज, मॅथेमॅटिक्स, पॉलिटिक्स यांना "एस" दिसतो, पण एकवचनी. फर्निचर, इन्फर्मेशन, लगेज यांचं अनेकवचन होतच नाही.
- अंतर, रक्कम, मुदत एक ठोक म्हणून घेतली की एकवचन: "टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक."
- "द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज" म्हणजे दोन पदं सांभाळणारा एकच माणूस. दुसऱ्या पदाआधीही "द" आला तर माणसं दोन, म्हणून "आर". हा प्रश्न परीक्षकांच्या फार आवडीचा.
- वाक्य "देअर"ने सुरू झालं तर कर्ता क्रियापदाच्या नंतर शोधा. "देअर आर टू टँक्स इन द व्हिलेज."

## 3. रिकाम्या जागेच्या आधीचा शब्द पाहा

काळाचा तक्ता विसरलात तरी एवढ्यावर बरेच प्रश्न सुटतात.

- कॅन, कुड, विल, वुड, शुड, मे, माइट, मस्ट यांच्यानंतर व्ही-वन. कर्ता "शी" असला तरी "एस" लागत नाही.
- डू, डज, डिड यांच्यानंतरही व्ही-वन. "डिड नॉट वेंट" हे आपल्या भागातलं सर्वात लाडकं चुकीचं रूप आहे. भूतकाळ "डिड"ने आधीच दाखवला, तो दोनदा दाखवायचा नसतो.
- हॅव, हॅज, हॅड यांच्यानंतर व्ही-थ्री.
- "विल", "शुड", "मस्ट" यांच्यानंतर कायम "हॅव", कधीच "हॅज" नाही. "शी मस्ट हॅव रीच्ड नागपूर बाय नाऊ."
- इज, ॲम, आर, वॉज, वेअर यांच्यानंतर आयएनजी किंवा व्ही-थ्री. काम कर्ता करत असेल तर आयएनजी, कर्त्यावर होत असेल तर व्ही-थ्री.
- इन, ॲट, ऑफ, बाय, विदाउट, आफ्टर, बिफोर, इन्स्टेड ऑफ यांना लागून क्रियापद आलं तर आयएनजी. "ही लेफ्ट विदाउट ईटिंग." "शी इज गुड ॲट ड्रॉइंग."
- मेक आणि लेट यांच्यानंतर माणूस आणि मग व्ही-वन: "द टीचर मेड अस रीड." पण "मेक"चं पॅसिव्ह (कर्मणी) झालं की "टू" परत येतो: "वी वेअर मेड टू रीड."
- हॅड बेटर आणि वुड रादर यांच्यानंतर व्ही-वन. "यू हॅड बेटर गो." इथे "हॅड" पाहून "गॉन" टिकमार्क करणारे रांगेने पडतात.

आता "टू". शाळेत शिकवलं की "टू" नंतर व्ही-वन, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही ठिकाणी हा "टू" वरच्या इन, ॲट, ऑफसारखा प्रिपोझिशन असतो, मग आयएनजी लागतो. ती यादी छोटी आहे, पाठच करा: लुक फॉरवर्ड टू, विथ अ व्ह्यू टू, ऑब्जेक्ट टू, ॲकस्टम्ड टू, ॲडिक्टेड टू, बी यूज्ड टू. शेवटच्याची गंमत नीट पाहा. "माय ग्रँडफादर यूज्ड टू गो टू द मार्केट बाय बुलक कार्ट" म्हणजे आजोबा पूर्वी जायचे. "वी आर यूज्ड टू लिव्हिंग इन दिस हीट" म्हणजे आम्हाला या उन्हाची सवय आहे. सवयीच्या अर्थात "यूज्ड"च्या आधी इज-आर-वॉज असेल तर आयएनजी, नसेल तर व्ही-वन.

काही क्रियापदं आपल्या मागून येणाऱ्याचं रूप स्वतः ठरवतात. एंजॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, डिनाय, पोस्टपोन, कीप यांना आयएनजी हवा. वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज, अग्री, प्रॉमिस, प्लॅन यांना "टू" आणि व्ही-वन. "स्टॉप"ला दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो: "ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी" म्हणजे चहा प्यायला थांबला, "ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी" म्हणजे चहा सोडला.

## 4. वेळ सांगणारा शब्द शोधा

काळ बारा आहेत. तक्ता भिंतीवर लावा, हरकत नाही, पण परीक्षेत तक्ता आठवत बसू नका. वाक्यातला वेळेचा शब्द शोधा:

- एव्हरी डे, ऑफन, युज्वली, ऑल्वेज: साधा वर्तमान. नेहमीची सत्यंही इथेच.
- नाऊ, ॲट प्रेझेंट, वाक्याच्या सुरुवातीला "लुक!" किंवा "लिसन!": इज-आर आणि आयएनजी.
- यस्टरडे, अगो, लास्ट वीक, किंवा भूतकाळातलं साल: व्ही-टू. "डॉ. आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम ॲट नागपूर इन 1956." "इन"सोबत असं साल दिसलं की "हॅज" आणि "हॅव" असलेले पर्याय थेट खोडा.
- जस्ट, ऑलरेडी, येट, सो फार: हॅव-हॅज आणि व्ही-थ्री.
- "बाय" आणि पुढची वेळ: विल हॅव आणि व्ही-थ्री. "बाय नेक्स्ट जून, शी विल हॅव कंप्लीटेड हर डिग्री."

आता खास आपल्यासाठी. आपण विदर्भातली माणसं "करून राहिलो"शिवाय बोलत नाही. "काय करून राहिला बे?" "जेवून राहिलो." इंग्रजीच्या चालू काळाशी हे छान जुळतं, म्हणून तो काळ आपल्याला पटकन येतो. पण आपण "मले समजून राहिलं", "तिले आवडून राहिलं"सुद्धा म्हणतो, आणि तिथेच फसतो. इंग्रजीत जाणणं, वाटणं, आवडणं, मालकी असणं याला साधारणपणे आयएनजी लागत नाही. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, लाइक, हेट, वाँट, नीड, ओन, बिलाँग, सीम: पर्यायात यांना आयएनजी लावलेला दिसला की संशय घ्या. "आय ॲम नोइंग" चूक, "आय नो" बरोबर. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" चूक, "आय हॅव टू ब्रदर्स" बरोबर. "हॅव"चा अर्थ जेवणं असेल तेव्हा मात्र "वी आर हॅविंग लंच" चालतं.

दुसरा खड्डा "पासून"चा. "मी दोन वर्षांपासून तयारी करून राहिलो" हे जसंच्या तसं उतरवलं की "आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स टू इयर्स" होतं. एका वाक्यात दोन चुका. पहिली, काम मागे सुरू होऊन आजवर चालू आहे, म्हणून "ॲम" नाही, "हॅव बीन" हवं. दुसरी, "पासून" मराठीत एकच असला तरी इंग्रजीत दोन वाटा होतात. सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स 2022. किती काळ ते सांगितलं तर फॉर: फॉर टू इयर्स. बरोबर वाक्य: "आय हॅव बीन प्रिपेअरिंग फॉर टू इयर्स."

भूतकाळात दोन घटना असतील तर आधी घडलेली "हॅड" आणि व्ही-थ्री, नंतरची व्ही-टू. "द बस हॅड लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टँड." गावची एकच एसटी असलेल्यांना हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. "नो सूनर" आणि "हार्डली"ने वाक्य सुरू झालं तरी हाच हिशोब, फक्त "हॅड" कर्त्याच्या आधी येतो: "नो सूनर हॅड वी सोन द सीड्स दॅन इट बिगॅन टू रेन." "नो सूनर"ची जोडी "दॅन"शी, "हार्डली"ची "व्हेन"शी.

एक घटना चालू होती आणि मधेच दुसरी घडली, तर चालू असलेली वॉज-वेअर आणि आयएनजी: "इट वॉज रेनिंग व्हेन वी लेफ्ट."

## 5. जर-तर आलं की दुसरा अर्धा भाग वाचा

"पाऊस आला तर पेरणी करू." इथे "आला" हे रूप भूतकाळाचं, पण गोष्ट उद्याची. मराठीची ही चाल डोक्यात ठेवून "इफ इट रेन्ड, वी विल सो" निवडलं की गुण गेला. इंग्रजीत जोड्या ठरलेल्या आहेत:

- "इफ"कडे साधा वर्तमान, दुसरीकडे "विल": "इफ इट रेन्स, वी विल सो."
- "इफ"कडे व्ही-टू, दुसरीकडे "वुड" आणि व्ही-वन: "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर."
- "इफ"कडे "हॅड" आणि व्ही-थ्री, दुसरीकडे "वुड हॅव" आणि व्ही-थ्री: "इफ इट हॅड रेन्ड इन जून, वी वुड हॅव सोन अर्लियर."

परीक्षेत एक भाग भरलेला असतो, दुसरा रिकामा. भरलेला भागच पुरावा आहे. त्यात "वुड हॅव" दिसलं की रिकाम्या जागेत "हॅड" आणि व्ही-थ्री, विचार करत बसायचं नाही. कधी "इफ" गाळून "हॅड आय नोन" असं उलटं लिहितात, तेव्हाही जोडी तीच.

व्हेन, अनटिल, अनलेस, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज यांच्यामागे भविष्याची गोष्ट असली तरी "विल" येत नाही. "तो येईल तेव्हा मी जाईन" यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ घेते, इंग्रजी एकाच बाजूला: "आय विल गो व्हेन ही कम्स."

नुसत्या कल्पनेतल्या गोष्टी: "इफ आय वेअर", "आय विश आय वेअर", "ॲज इफ ही वेअर". "आय"नंतर "वेअर" पाहून दचकू नका. "इट इज हाय टाइम"नंतर कर्ता आला तर व्ही-टू: "इट इज हाय टाइम वी स्टार्टेड." सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड यांच्यानंतर "दॅट" येऊन मागणी असेल तर साधं व्ही-वन: "दे डिमांडेड दॅट द ऑफिसर बी प्रेझेंट." हे कमी विचारतात, पण विचारलं की बहुतेकांचं चुकतं.

## 6. "सेड दॅट" दिसलं तर

"तो म्हणाला की मी आजारी आहे." मराठीत "आहे" तसाच राहतो. इंग्रजीत "सेड" भूतकाळात असल्यामुळे पुढचंही एक पाऊल मागे जातं: "ही सेड दॅट ही वॉज इल." अपवाद नेहमीच्या सत्याचा: "द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन."

## 7. काम कोणी केलं?

कर्ता निर्जीव असेल आणि काम त्याच्यावर झालं असेल तर पॅसिव्ह. "ऑरेंजेस आर ग्रोन इन वरुड अँड काटोल." संत्री स्वतः स्वतःची लागवड करत नाहीत. सध्या चालू असेल तर मधे "बीइंग" येतो: "द रोड इज बीइंग रिपेअर्ड." आपल्याकडे हे वाक्य बारमाही खरं असतं.

सापळा असा की हॅपन, ऑकर, डाय, अराइव्ह यांचं पॅसिव्ह होतच नाही. "ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड" मराठीच्या "अपघात झाला होता"मुळे सुचतं, पण चूक. "ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड."

## 8. एकसारखी दिसणारी रूपं

यांना नियम नाही, घोकावीच लागतात.

- लाय, ले, लेन म्हणजे आडवं होणं. ले, लेड, लेड म्हणजे ठेवणं किंवा अंडी घालणं. लाय, लाइड, लाइड म्हणजे खोटं बोलणं. पहिल्याचं व्ही-टू आणि दुसऱ्याचं व्ही-वन एकच, म्हणून परीक्षक यावर टपलेला असतो. मागे कर्म आहे का पाहा: "द हेन लेड ॲन एग", पण "द डॉग ले अंडर द ट्री".
- राइज, रोझ, रिझन म्हणजे आपोआप वर जाणं. रेझ, रेझ्ड, रेझ्ड म्हणजे वर करणं. कसोटी तीच, कर्माची.
- फाइंड, फाउंड, फाउंड म्हणजे सापडणं. फाउंड, फाउंडेड, फाउंडेड म्हणजे स्थापणं. "बाबा आमटे फाउंडेड आनंदवन." इथे "फाउंड" टाकलं तर बाबांना वरोऱ्याजवळ आनंदवन आयतंच सापडलं असा अर्थ होईल.
- सो, सोड, सोन म्हणजे पेरणं. शिवण्याच्या "सो"चा उच्चार तसाच, स्पेलिंग वेगळं. दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी लिहून ठेवा.
- कट, पुट, हर्ट, शट, कॉस्ट, बर्स्ट, स्प्रेड यांची तिन्ही रूपं सारखी. पर्यायात "कटेड" किंवा "कॉस्टेड" दिसलं तर ते फसवायलाच ठेवलेलं असतं.

## 9. चूक शोधायच्या प्रश्नात

वाक्याचे तुकडे आणि शेवटी "नो एरर" असा पर्याय असतो. क्रम सोडू नका: आधी कर्ता-क्रियापद जुळतं का, मग सहायक क्रियापदानंतरचं रूप, मग वेळेचा शब्द आणि काळ. क्रियापद साफ निघालं तर आर्टिकल आणि प्रिपोझिशन पाहा. काहीच सापडलं नाही तर "नो एरर" निवडायला घाबरू नका. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात, म्हणून तिथे पुरावा नसलेला प्रश्न सोडलेला बरा. निगेटिव्ह नसलेल्या परीक्षेत एकही जागा रिकामी ठेवू नका.

## रोजचा सराव

रोज वीस प्रश्न पुरे. कापूस वेचणी किंवा सोयाबीन काढणी सुरू असेल तर दहा करा, पण खंड पाडू नका. चुकलेला प्रश्न वहीच्या मागच्या बाजूला पूर्ण लिहा आणि ज्या शब्दाने उत्तर ठरलं, त्याला लाल पेनाने गोल करा. नियमाचं नाव लिहायची गरज नाही, फक्त तो शब्द. महिनाभराने वही चाळलीत की कोणते गोल सारखे येतात ते दिसेल. कोणाचे "सिन्स"चे असतात, कोणाचे "वन ऑफ"चे. उरलेला वेळ तिथेच घाला.

आता हे सोडवा. उत्तराबरोबर पुराव्याचा शब्दही लिहा.

1. "ईच ऑफ द बॉइज ____ गिव्हन अ बुक." वॉज / वेअर / हॅव / आर
2. "गांधीजी ____ टू सेवाग्राम इन 1936." हॅज मूव्ह्ड / मूव्ह्ड / हॅड बीन मूव्हिंग / मूव्ह्ज
3. "शी इज लुकिंग फॉरवर्ड टू ____ द इंटरव्ह्यू." गिव्ह / गिव्हन / गिव्हिंग / गेव्ह
4. "इफ यू हॅड टोल्ड मी, आय ____ यू." विल हेल्प / वुड हेल्प / हेल्प्ड / वुड हॅव हेल्प्ड
5. "धिस लँड ____ टू माय अंकल." इज बिलाँगिंग / बिलाँग्स / बिलाँग / हॅज बीन बिलाँगिंग
6. "द प्राइस ऑफ कॉटन बेल्स ____ रिझन." हॅव / हॅज / आर / वेअर
7. "वी विल स्टार्ट द मीटिंग ॲज सून ॲज द ग्रामसेवक ____." विल अराइव्ह / अराइव्ह्ड / अराइव्ह्ज / अराइव्ह

उत्तरं: 1 वॉज, पुरावा "ईच". 2 मूव्ह्ड, पुरावा 1936. 3 गिव्हिंग, पुरावा "लुकिंग फॉरवर्ड टू". 4 वुड हॅव हेल्प्ड, पुरावा "हॅड टोल्ड". 5 बिलाँग्स, पुरावा खुद्द "बिलाँग" हे मालकीचं क्रियापद आणि एकवचनी "लँड". 6 हॅज, पुरावा "प्राइस". "बेल्स" झाकून टाका. 7 अराइव्ह्ज, पुरावा "ॲज सून ॲज" आणि एकटा ग्रामसेवक.